एक वर्ष परक्या घरी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





मला आज विषय दिला आहे तो विद्यार्थी-विनिमयाचा. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलाने वा मुलीने एक शैक्षणिक वर्ष परदेशात एखाद्या कुटुंबात राहायचे आणि तिथल्या शाळेत शिकायचे, असा हा प्रकार आहे. विषय निघाला की आपल्याकडे पहिला उद्गार येतो, "एवढ्या कोवळ्या वयात घराबाहेर?" मला याचे थोडे नवल वाटते. आपल्या कोकणात ज्यातून कोणी बाहेर गेले नाही असे घर तरी कोणते? कोणाचे आजोबा जहाजावर खलाशी होते, कोणाचे चाचा आफ्रिकेत स्थायिक झाले, कोणाचे अब्बा आजही कुवेतला किंवा कतारला आहेत. पोटासाठी घर सोडणे आपल्या अंगवळणी पडले आहे. इल्मसाठी सोडायचे म्हटले की मात्र दादीपासून सगळ्यांचा जीव कासावीस होतो!

बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव आपण सर्वजण जाणता. १८६० साली, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, वडिलांनी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले. तेव्हा सुएझचा कालवाही झाला नव्हता. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना मध्येच परतावे लागले. ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. पुढे १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. आपल्यासारख्या संस्थांची वाट ज्यांनी आखली, त्यांपैकी एक मनुष्य असा लहानपणीच घराबाहेर पडलेला होता.

आता ही योजना कशी चालते ते सांगतो, कारण अफवा फार आहेत. परवा एका पालकाने मला विचारले, "सर, तिकडे मुलांना घरकामाला ठेवतात म्हणे?" तसे नाही. यजमान कुटुंब मुलाला घरातील एक म्हणून ठेवते. ए.एफ.एस. ही यातील जुनी संस्था. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांतून ती निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच मंडळींनी शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. रोटरीचीही अशी योजना आहे. तिचे चार नियम पालकांनी अवश्य ऐकावेत: मद्य नाही, मादक पदार्थ नाहीत, वाहन चालवायचे नाही आणि प्रेमप्रकरण नाही. यांतला कोणता नियम आपल्या घरात नाही, ते मला सांगा!

२००१ च्या सप्टेंबरमधील हल्ल्यानंतर अमेरिकेच्या काँग्रेसने २००२ मध्ये 'यस' नावाची शिष्यवृत्ती उभी केली. ज्या देशांत मुसलमानांची वस्ती मोठी आहे, तिथल्या शाळकरी मुलांसाठी ती होती आणि भारतातूनही मुले गेली. खर्च अमेरिकन सरकारचा. सरकारे अशा गोष्टी स्वतःच्या हेतूने करतात, हे मलाही कळते. परंतु नाश्त्याच्या टेबलावर सरकार बसत नाही. तिथे एक आई, एक बाप आणि त्यांची मुले बसतात. त्यांनी आयुष्यात कधी मुसलमान मूल पाहिलेले नसते. ते मूल कसे बोलते, ताट कसे उचलते, नमाजची वेळ झाली की कसे शांतपणे उठते, यावरून ती माणसे आपले मत बनवतात.

खाण्याचे म्हणाल तर पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहावे: डुकराचे मांस नाही, दारू नाही, हलाल मिळाले नाही तर मासळी, अंडी, भाजी चालेल. कोकणातले मूल मासळीवर वर्ष काढू शकत नसेल तर मग बोलणेच खुंटले! रोजे ठेवणार असाल तर तेही आधीच सांगावे, म्हणजे यजमानीणबाईंना उपाशी मूल पाहून भलतीच काळजी लागणार नाही.

खरा त्रास खाण्यापिण्याचा नाही, एकटेपणाचा आहे. इब्न बतूता १३२५ साली तांजियरहून निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. ट्युनिसला पोहोचल्यावर लोक एकमेकांना सलाम करीत होते, याला मात्र कोणी ओळखत नव्हते. त्याला रडू आवरेना. अखेर एका सहप्रवाशाने जवळ येऊन विचारपूस केली. एवढा मोठा प्रवासी रडला, मग आपले मूल रडले तर त्यात बिघडले काय?

पूर्वी आखातातून महिन्याकाठी पत्र यायचे, नाहीतर आवाज भरलेली कॅसेट यायची आणि सारे घर ती ऐकायला बसायचे. आज मोबाईलवर रोज तोंड दिसते. माझ्या मते अडचण इथेच आहे. मूल शरीराने तिकडे आणि मनाने रात्रंदिवस अम्मीच्या फोनमध्ये, असे झाले तर त्या घरात ते रुळणार कसे? म्हणून या संस्था सांगतात की सुरुवातीचे काही महिने फोन मोजकाच करावा. अम्मींना हे कठीण जाईल. जाऊ द्यावे.

विद्यार्थ्यांनो, एक व्यवहाराची गोष्ट. तिकडचे वर्ष इकडे अकरावी म्हणून धरले जाईलच, असे गृहीत धरू नका. अर्ज करण्याआधी कॉलेजकडून आणि मंडळाकडून लेखी विचारून घ्या. पुष्कळांना परत येऊन अकरावीतच बसावे लागते. सोबतचे मित्र एक वर्ष पुढे जातात, ते मनाला लागते.

आणि आता मुलींविषयी. माझ्या वर्गात दहावीत एक मुलगी आहे. तिने स्वतःहून माहिती काढली, निबंध लिहिला, माझ्याकडून तपासून घेतला. घरी उत्तर मिळाले, "मुलगा असतास तर पाठवला असता." तय्यबजींचे नाव मी मघाशी घेतले. त्यांनी १९०४ मध्ये आपल्या दोन मुलींना इंग्लंडमधील निवासी शाळेत पाठवले होते. ते घर दीनदार होते, प्रतिष्ठित होते, आणि मुली परक्या मुलखात शिकल्या म्हणून त्या घराचा लौकिक कमी झाला नाही. यजमान घरात कोण कोण आहे, तिला स्वतंत्र खोली आहे काय, अडचण आली तर गावात संस्थेचा कोण माणूस भेटेल, हे सर्व विचारण्याचा पालकांना हक्क आहे. हे प्रश्न विचारा आणि उत्तरे पटली नाहीत तर खुशाल नकार द्या. पण विचारण्यापूर्वीच नकार देऊ नका. त्या मुलीचे वडील आज या सभागृहात बसले आहेत. मी नाव घेत नाही.

अर्जावर पालकांची सही लागते. मी रोज शाळा सुटल्यावर पाच वाजेपर्यंत शिक्षक-खोलीत असतो. ज्यांना बोलायचे असेल त्यांनी जरूर यावे, आणि येताना मुलाला किंवा मुलीलाही सोबत आणावे. खुदा हाफिज.