दुरुस्तीचा हिशेब शेपटाला करा

(फलटण येथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी दिलेला विषय कागदावर जड दिसतो: ‘संघर्षग्रस्त भागातील पायाभूत सुविधांच्या पुनर्उभारणीची देखरेख आणि मूल्यमापन’. साध्या मराठीत सांगायचं तर, दंगलीत जे मोडलं, जळलं ते पुन्हा उभं राहिलं का, आणि ते कुणी, कसं तपासायचं. काम चालू असताना पाहायचं ती देखरेख. काम संपल्यावर त्याचा माणसाला काय उपयोग झाला हे पाहायचं ते मूल्यमापन. मी स्थापत्य अभियंता आहे. माझी नोकरी मोजमाप पुस्तिका भरण्यात गेली. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते मोजण्याबद्दलच.

फलटणमध्ये हा विषय समजावणं सोपं आहे, कारण इथे नीरा उजवा कालवा आहे. धरणातून किती पाणी सोडलं हा आकडा पेपरात येतो. पण ज्याचं रान चारीच्या शेवटाला आहे त्याला विचारा. त्याच्या लेखी आवर्तन म्हणजे त्याच्या बांधावर आलेलं पाणी. मुखाशी सुटलेलं आणि शेपटाला पोचलेलं, या दोहोंमध्ये गळती असते, झिरप असते, रात्री उघडलेली दारं असतात. ‘टेल’ला पाणी पोचल्याशिवाय पाळी झाली असं कुठलाही शेतकरी मानत नाही.

दंगलीनंतरच्या मदतीचा हिशेब मात्र आपण मुखाशीच करतो. इतके लाख जाहीर झाले, अमुक मंत्री येऊन गेले, पंचनामे सुरू झाले. तिथे बातमी संपते आणि आपलं लक्षही संपतं. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. मदतीचा हिशेब शेपटाला झाला पाहिजे, आणि तो ठेवायला तुमच्यासारखी तिथेच राहणारी माणसं लागतात.

हा विषय इराक-अफगाणिस्तानचा आहे, आपला नाही, असं कुणाला वाटत असेल तर आपल्या आसपासचंच आठवून पाहा. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून मिरज पेटलं आणि सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत लोण गेलं. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव जमला. मशिदीवर हल्ला झाला, दुकानं आणि गाड्या जळाल्या, एक जीव गेला. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाजवळच्या गजापूरमध्ये मुसलमानवाडीतल्या मशिदीची आणि घरांची तोडफोड झाली.

आणि आणखी मागे जा. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण होता, म्हणून सातारा जिल्ह्यात गावोगावी ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. आपल्याकडे त्याला ‘जळीत’ म्हणतात. माणदेशाच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्यावरच आहे. ज्यांनी खून केला नव्हता, ज्यांना तो पटलाही नव्हता, त्यांची घरं जळाली. अनेक कुटुंबं पुण्या-मुंबईला गेली ती परतलीच नाहीत. घर बांधून देता येतं, पण तेवढ्याने गाव सोडून गेलेला माणूस परत येतोच असं नाही, हे आपल्या भागाने तेव्हाच पाहिलंय. मी हे मुद्दाम मुस्लिम तरुणांसमोर सांगतो. कुणाच्या तरी गुन्ह्याची शिक्षा त्याच्या जातीला, त्याच्या धर्माला देण्याची रीत आपल्यापासून सुरू झाली नाही. म्हणून आपलं मोजमापही फक्त आपल्यासाठी असू नये.

आता मोजायचं काय? तीन पायऱ्या लक्षात ठेवा.

पहिली पायरी काम. पैसा आला का, काम झालं का, दर्जा बरा आहे का. दुसरी पायरी वापर. झालेलं काम माणसाच्या हाताला लागलं का. तिसरी पायरी शेजार. माणूस पुन्हा पहिल्यासारखा वावरतो का.

पहिली आणि दुसरी यांतला फरक इराकच्या फलुजा शहरात दिसला. २००४ मध्ये तिथे दोन मोठ्या लढाया झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेने शहरासाठी मैलापाण्याची योजना हाती घेतली. सुरुवातीचा अंदाज सुमारे सव्वातीन कोटी डॉलरचा होता. पुढे खर्च दहा कोटींच्या वर गेला, आणि सगळ्या शहराऐवजी काही भागच त्यात बसला. इराकमधल्या पुनर्उभारणीवर नजर ठेवायला अमेरिकेने एक स्वतंत्र महानिरीक्षक कार्यालय नेमलं होतं. त्यांच्या तपासणीत दिसलं, की मोठ्या वाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्र यांचं काम चालू होतं, पण घरापासून वाहिनीपर्यंतच्या जोडणीची सोयच योजनेत नव्हती. म्हणजे कालवा बांधला आणि चारी विसरले. कागदावर टक्केवारी वाढत होती आणि घरातलं सांडपाणी जिथल्या तिथे होतं.

दुसरी आणि तिसरी यांतला फरक बोस्नियातल्या मोस्तार शहरात दिसतो. तिथला ओटोमन काळातला दगडी पूल नोव्हेंबर १९९३ मध्ये तोफांच्या माऱ्याने पाडला गेला. जुलै २००४ मध्ये तो पूर्वीसारखाच बांधून खुला झाला. कामात खोट नाही, लोक रोज त्यावरून जातात. पण त्याच शहरातल्या जुन्या नामांकित माध्यमिक शाळेत बोस्नियाक आणि क्रोएट मुलं एका इमारतीत दोन वेगळे अभ्यासक्रम शिकत राहिली. पूल जोडला गेला तरी वर्ग जोडले गेले नाहीत.

आपल्या गावाची तिसरी पायरी मोजायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही. प्रश्न साधे आहेत. दळायला त्याच गिरणीत जाता का? डेअरीला दूध घालताना कुणी अडवतं का? दुकान उघडलं, पण जुनी गिऱ्हाइकं आली का? मजुरीला पूर्वीसारखं बोलावणं येतं का? संध्याकाळी मुली क्लासहून एकट्या येतात का? सणाला कोण येतं? कडेगावच्या उंच ताबुतांना खांदा देणाऱ्यांत हिंदू असतात, हे सांगली-साताऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या गावच्या मोहरमला, उरुसाला दंगलीआधी कोण कोण यायचं आणि आता कोण येतं, हाही मोजण्याचाच भाग आहे. एखाद्या दुकानाचं शटर नवं बसलं आणि वर्षाने तेच दुकान भाड्याने देऊन मालक शहरात गेला, तर कागदावर ते काम यशस्वी आहे. तुमच्या वहीत ते तसं नसावं.

आता साधनं. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. पण या कायद्यातली माहितीच्या अधिकाराची व्याख्या बहुतेकांनी नीट वाचलेली नसते. सार्वजनिक कामाची प्रत्यक्ष पाहणी करणं आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागणं हाही त्या अधिकाराचा भाग आहे. रस्ता, गटार, पथदिवे, शाळेची भिंत पुन्हा बांधली असेल तर पाच कागद मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र. मोजमाप पुस्तिका हातात घेऊन टेपने गटार मोजलं, की निम्मे वाद तिथेच मिटतात. खासगी नुकसानीसाठी तलाठ्याचा पंचनामा आणि पोलिसांचा पंचनामा हे दोन वेगळे कागद असतात. दोन्हींच्या प्रती घ्या. दोघांत फरक असेल तर तो लगेच लेखी कळवा, कारण पुढे प्रत्येक रक्कम त्या कागदावरून ठरते.

त्याहून महत्त्वाचं काम दंगलीच्या आधीचं आहे. जळाल्यानंतर पहिला वाद होतो तो ‘इथे होतं काय’ यावर. गॅरेज, चिकनचं दुकान, बांगड्यांची हातगाडी, घरातलं शिलाई मशीन, यांचे कागद आपल्या लोकांकडे बहुधा नसतात. आजच, शांततेच्या दिवसात, घरपट्टीची पावती, सात-बारा किंवा आठ-अ, दुकानाची नोंदणी, मालाची बिलं, दुकानाचे आतून काढलेले फोटो एकत्र करा आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. यात अपशकुन काही नाही. पूर आला, शॉर्टसर्किट झालं, तरी हेच कागद लागतात.

मशिदीचा प्रश्न वेगळा आहे, तो स्पष्ट सांगतो. गुजरातमध्ये २००२ च्या हिंसाचारात पाचशेहून अधिक धार्मिक वास्तूंचं नुकसान झालं. फेब्रुवारी २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्यांच्या दुरुस्तीचा खर्च सरकारने द्यावा असा आदेश दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि राज्य सरकारची मदत योजना मान्य केली. त्या योजनेत एका वास्तूला जास्तीत जास्त ५० हजार रुपये होते. तेवढ्यात वुजूखान्याचे नळसुद्धा नीट होत नाहीत. त्याचा अर्थ एवढाच, की अशी दुरुस्ती बहुतेक चंद्यातून होणार.

आणि चंदा आला की देखरेख आपल्यावरही आली. कुठून किती आले, कुठे किती गेले, बेवा बाईच्या घराला किती आणि मिनाराला किती, हे मशिदीच्या फलकावर लागलं पाहिजे. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याबद्दल आहे. तोलमापात कमी देणाऱ्यांच्या नावाची तर एक सूरतच आहे. आपण सरकारकडे उपयोगिता प्रमाणपत्र मागायचं आणि कमिटीच्या सदरसाहेबांना हिशेब विचारला की बेअदबी समजायची, हे चालणार नाही. मोठ्यांना अदबीने विचारा, पण विचारा. मुलींनीही विचारावं. घर चालवणाऱ्या बाईला काय तुटलंय आणि काय अजून आलेलं नाही, हे सगळ्यांत आधी कळतं.

शेवटी थोडी पथ्यं सांगतो, कारण चांगल्या हेतूने केलेली नोंदही माणसाला इजा करू शकते.

एकच फॉर्म सगळ्यांना लावा. हिंदू शेजाऱ्याची जळालेली दुचाकी, बाजारातल्या तिसऱ्याच माणसाचं फुटलेलं दुकान, सरकारी गाडी, सगळं त्याच वहीत, त्याच रकान्यांत. तुमच्या आकड्यांवर तहसीलदार विश्वास ठेवेल तो यामुळेच. आपल्याच माणसाने नुकसान वाढवून सांगितलं तर ते तसं लिहू नका. एक फुगवलेला आकडा बाकीचे पन्नास खरे आकडे बुडवतो.

आरोपींची नावं या वहीत नकोत. तो तपास पोलिसांचा आणि कोर्टाचा. तुमची वही वस्तूंची आणि वापराची आहे. ज्याचं नुकसान झालं त्याची परवानगी घ्या, फोटोत चेहरे येऊ देऊ नका, आणि एकाच बाईला दहा जणांनी तीच रात्र पुन्हा सांगायला लावू नका. एकाने एकदा नीट विचारावं.

तीनदा जा. महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. पहिल्या आठवड्यात गर्दी असते, वर्षाने कुणी नसतं. खरं मूल्यमापन त्या तिसऱ्या फेरीत असतं. आणि जे सापडेल ते आधी ग्रामसभेत, तहसील कार्यालयात लेखी द्या. व्हॉट्सॲपवर टाकायची घाई करू नका. आपल्याकडच्या आगी बऱ्याचदा तिथूनच लागल्यात.

घरी गेल्यावर प्रत्येकाने एक काम करावं. आपल्या मोहल्ल्यातली एक सार्वजनिक गोष्ट निवडा: एक बोअर, एक गटार, एक पथदिवा, अंगणवाडी. तिचा आजचा फोटो काढा, तारीख लिहा, शेवटचं काम कधी आणि कितीला झालं याचा अर्ज टाका. कागद आला की टेप घेऊन जा, आणि जाताना शेजारच्या गल्लीतल्या, दुसऱ्या धर्माच्या एका मित्राला सोबत न्या. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच. शांततेत ज्यांनी एक गटार मिळून मोजलं, ते वाईट दिवसातही एका वहीवर दोन सह्या करतील.