संरक्षणाची किल्ली कोणाच्या हाती?
आयर्लंडच्या स्वराज्याचा धडा (व्याख्यान)



‘होमरूल’ हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन केली. पण हा शब्द मूळचा आयर्लंडचा. त्या देशाच्या स्वराज्याच्या लढ्याची हकीकत मी आज आपणापुढे ठेवणार आहे, ती केवळ इतिहासाच्या हौसेने नव्हे. देश स्वतंत्र झाला म्हणजे त्यातील प्रत्येक माणूस स्वतंत्र होतो काय, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनी विचारला होता. त्याचे एक उत्तर आयर्लंडच्या कायद्यांत सापडते.

१ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडचे पार्लमेंट नाहीसे झाले व तो देश ब्रिटनला जोडला गेला. तेथील बहुसंख्य लोक कॅथॉलिक, परंतु कॅथॉलिकाला पार्लमेंटात बसण्याची मुभा नव्हती. डॅनियल ओ’कॉनेल या बॅरिस्टराने गोरगरिबांकडून महिना एक पेनी वर्गणी घेऊन संघटना उभारली व १८२८ साली क्लेअर परगण्यातून निवडणूक जिंकली. १८२९ साली सरकारला कॅथॉलिकांचा अधिकार मान्य करावा लागला. मात्र त्याच वर्षी मताधिकारासाठी लागणाऱ्या मिळकतीची मर्यादा ४० शिलिंगांवरून, म्हणजे २ पौंडांवरून, १० पौंडांवर नेण्यात आली. ज्या गरीब कुळांनी ओ’कॉनेलला निवडून दिले, त्यांचेच मत गेले. बंधुभगिनींनो, हक्काची सनद हाती आली की तिची मागची बाजूही वाचावी, ती अशासाठी.

१८४५ ते १८४९ च्या दुष्काळात त्या देशातील सुमारे १० लाख माणसे मेली व त्याहून अधिक देशोधडीला लागली. जमीन दुसऱ्याची असताना स्वराज्य पोकळ ठरेल, हे ओळखून मायकेल डेव्हिट यांनी १८७९ साली लँड लीग काढली. १८८० साली मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी लोकांनी सर्व व्यवहार तोडले. इंग्रजीतील ‘बॉयकॉट’ हा शब्द तेथून निघाला. आपल्याकडे गावाचा बहिष्कार दुबळ्यांवर पडत आला. तेथे तो दुबळ्यांनी बलवानांवर घातला.

पार्नेल यांच्या नेतृत्वाखाली आयरिश सभासदांनी पार्लमेंटात जो दबाव आणला, त्यामुळे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८८६ साली पहिले होमरूल बिल मांडले. ते ३१३ विरुद्ध ३४३ मतांनी पडले. १८९३ चे दुसरे बिल लॉर्डांच्या सभागृहाने ४१ विरुद्ध ४१९ मतांनी फेटाळले. तिसरे बिल १९१२ साली आले व १९१४ साली त्याचा कायदा झाला, पण महायुद्धामुळे त्याचा अंमल तहकूब राहिला.

या तिसऱ्या बिलाला कडवा विरोध झाला तो उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील प्रॉटेस्टंटांचा. साऱ्या आयर्लंडात ते अल्पसंख्य होते. कॅथॉलिक बहुमताच्या राज्यात आपला धर्म व धंदा सुरक्षित राहणार नाही, अशी त्यांना भीती होती. सप्टेंबर १९१२ मध्ये सुमारे पावणेपाच लाख स्त्री-पुरुषांनी होमरूलविरुद्ध प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच काळातील प्रसंग सांगितला. हवी ती संरक्षणे मागा, पण आयर्लंड अखंड राहू द्या, असे रेडमंड कार्सनला म्हणाले. तुमची संरक्षणे नकोत आणि तुमचे राज्यही नको, असे कार्सनने उलट सुनावले. भारतातील कोणत्याही अल्पसंख्य समाजाने अशी भूमिका घेतली नाही, याची आठवण देऊन बाबासाहेबांनी बहुसंख्यांना त्यांचे कर्तव्य सांगितले.

पुढे १९१६ चा उठाव झाला, युद्ध झाले आणि १९२१ च्या तहाने दक्षिणेतील २६ परगण्यांना स्वराज्य मिळाले. उत्तरेच्या ६ परगण्यांना १९२० च्या कायद्यान्वये निराळे पार्लमेंट मिळाले होते. आता चक्र फिरले. जो वर्ग अल्पसंख्य म्हणून भीत होता, तो या ६ परगण्यांत बहुसंख्य झाला व सुमारे एक तृतीयांश कॅथॉलिक त्याच्या सत्तेखाली आले.

त्यांना संरक्षणे नव्हती काय? होती. धर्मावरून भेदभाव करणारा कायदा करण्यास १९२० च्या कायद्याच्या ५ व्या कलमाने मनाई होती. अल्पसंख्यांना मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात अशी निवडणूक पद्धतीही होती. पण ही पद्धती बदलण्याचा अधिकार उत्तरेच्या पार्लमेंटाकडेच राहिला. १९२२ साली तिने स्थानिक संस्थांतून व १९२९ साली स्वतःच्या निवडणुकांतूनही ती काढून टाकली. ५ व्या कलमाने कायद्याला अडविले, कारभाराला अडविता आले नाही. डेरी शहराचे उदाहरण घ्या. १९६७ साली तेथे १४,४२९ कॅथॉलिक मतदार होते व इतर ८,७८१. तरी वॉर्डांच्या सीमा अशा आखल्या होत्या की नगरपालिकेच्या २० जागांपैकी १२ अल्पमतवाल्यांकडे गेल्या. स्थानिक निवडणुकीत मत मिळे ते घरधन्याला, भाडेकरूला व त्यांच्या पतीला वा पत्नीला. दुसऱ्याच्या घरी पोटभाडेकरू म्हणून राहणाऱ्याला मत नाही. आणि नगरपालिकेची घरे वाटणार कोण? तर नगरपालिकाच. म्हणजे घर नाकारले की मतही नाकारले जाई. लंडनकडे दाद मागावी, तर उत्तरेकडे सोपविलेल्या विषयांवर येथे प्रश्न विचारता येणार नाहीत, असा निर्णय तेथील सभापतींनी १९२३ सालीच दिलेला होता.

५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीत नागरी हक्कांसाठी मोर्चा निघाला. पोलिसांनी त्यावर लाठ्या चालविल्या. ३० जानेवारी १९७२ रोजी त्याच शहरात सैनिकांनी मोर्चावर गोळीबार करून १३ जणांना जागीच ठार केले. त्या वर्षी उत्तरेचे पार्लमेंट तहकूब झाले. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली. १० एप्रिल १९९८ च्या बेलफास्ट करारात मतांच्या प्रमाणात जागा, महत्त्वाच्या निर्णयांस दोन्ही समाजांची संमती आणि समानतेसाठी स्वतंत्र आयोग, हे सारे ठरविण्यात आले. १९२२ साली जे मोडले, ते परत उभारण्यास कित्येक वर्षे व इतके रक्त लागले.

वकील म्हणून मी यातून तीन प्रश्न काढतो. कोणतेही संरक्षण मिळाले तर विचारा: ते काढून घेण्याचा अधिकार कोणाला? त्याची अंमलबजावणी कोणाच्या हाती? ते मोडल्यास दाद कोठे? आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली आहेत. पण मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचे ३२ वे कलम हा तिसऱ्या प्रश्नाचा जबाब आहे, आणि म्हणूनच बाबासाहेबांनी त्याला घटनेचा आत्मा म्हटले. तरीही १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना कायद्याने मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले, हे विसरू नका. घटना उत्तम असूनही चौतीस वर्षे झगडावे लागले.

म्हणून घरी गेल्यावर मतदारयादीत घरातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाचे नाव आहे की नाही ते पाहा. वॉर्डाच्या सीमा बदलण्याची सूचना निघाली, तर मुदतीच्या आत हरकत नोंदवा. घरकुलांची यादी ग्रामसभेत वाचून दाखविण्याचा आग्रह धरा. अर्ज केला की पोच घ्या व ती जपून ठेवा. डेरीतील लोकांचे हक्क एका दिवसात गेले नाहीत. एक सीमारेषा, एक घर, एक मत असे ते गेले. आपलेही तसेच जाऊ शकतात, आणि राखायचे तर तसेच एकेक करून राखावे लागतील.

जयभीम.