रंग, साबण आणि ॲल्युमिना

(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य शाळेत खडू झिजविण्यात गेले. तेव्हा रसायनशास्त्रावर आम्ही काय बोलणार, अशी शंका कोणास आल्यास ती रास्तच आहे. परंतु विषय रंगाचा आहे, आणि आपण सारे रंगाऱ्यांच्या कुळातले. तेवढ्या अधिकारावर चार शब्द ऐकून घ्यावेत, अशी विनंती आहे.

आलाच्या मुळ्यांपासून तांबडा रंग देण्याची जुनी रीत आठवावी. सुती कापड प्रथम एरंडेल व खार यांच्या पाण्यात भिजवीत, वाळवीत, पुन्हा भिजवीत. मग तुरटीचे पाणी देत, आणि त्यानंतरच ते आलाच्या काढ्यात पडे. तेल आणि खार एकत्र आले की थोडाबहुत साबण होतोच. तुरटीतील ॲल्युमिनियम धाग्यावर बसते आणि रंग त्याला धरून राहतो. साबण, ॲल्युमिनियम आणि रंग ही त्रयी अशी आपल्या घरातलीच आहे. नव्या शास्त्राने तिला निराळ्या कामास लाविले आहे. ते काम धाग्यावर रंग चढविण्याचे नसून सांडपाण्यातून रंग उतरविण्याचे आहे.

हे काम किती निकडीचे आहे, ते तिरुपूरच्या लोकांना विचारावे. नोय्यल नदीच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये आदेश दिला, आणि तेथील शेकडो रंगशाळांना टाळे लागले. मालक व मजूर दोघेही घरी बसले. नदीकाठच्या शेतकऱ्याची बाजू खोटी होती, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही.

आता मूळ गोष्ट. ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. त्याचा सच्छिद्र प्रकार दिसण्यात पांढऱ्या खड्यांसारखा असतो, पण आतून छिद्रांनी इतका पोखरलेला असतो की चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे २०० चौरस मीटर भरतो. कबड्डीचे मैदान १३० चौरस मीटरांचे असते, म्हणजे चिमूटभर पुडीत दीड मैदान मावले! अशा पृष्ठभागावर एखादे द्रव्य येऊन चिकटणे, यास अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पोटात घेतो, तसा हा प्रकार नव्हे. भिंतीवर धूळ बसावी तसा आहे.

अडचण अशी की प्रत्येक रंग या भिंतीवर बसत नाही. जखमेला लावावयाचे जांभळे औषध आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यातील रंगास क्रिस्टल व्हायोलेट म्हणतात, आणि पाण्यात त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. किंचित आम्ल पाण्यात ॲल्युमिनाचा पृष्ठभागही धनभारित होतो. दोन्हीकडे सारखाच भार, मग जवळीक कशी व्हावी? येथे मध्यस्थ लागतो, आणि तो साबणाच्या जातीचा असतो.

सोडियम डोडेसिल सल्फेट हे नाव जिभेला जड आहे खरे, पण ते द्रव्य दंतमंजनाच्या फेसात आपल्या तोंडात रोज जाते. त्याच्या रेणूला ऋणभारित डोके आणि बारा कार्बन अणूंचे तेलकट शेपूट असते. डोकी ॲल्युमिनाला चिकटतात. तेलकट शेपटांना पाणी नकोसे, म्हणून त्यांच्यावर दुसरा थर उलटा बसतो, शेपटाला शेपूट लावून. त्या थराची डोकी बाहेर पाण्याकडे राहतात आणि धनभारित भिंत आता ऋणभारित होते. जो रंग काल दूर पळत होता तो आज धावत येऊन बसतो. खरगपूरच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनी याच रीतीने क्रिस्टल व्हायोलेट पाण्यातून काढण्याचे प्रयोग २००५ साली प्रसिद्ध केले.

मात्र साबण बेताचाच हवा. एका लिटर पाण्यात तो अडीच ग्रॅमच्या आसपास गेला की साबणाचे रेणू पाण्यातच आपापले गोळे करून राहतात. रंग त्या गोळ्यांत शिरतो, पाण्यातच तरंगत राहतो, आणि ॲल्युमिना कोरडी पाहुणी ठरते. पुरणपोळीवर तूप जास्त झाले तर कोणी तक्रार करीत नाही. येथे मात्र सारा खटाटोप फुकट जातो.

आणखी एक भेद कारखान्यात काम करणाऱ्या तरुणांनी ध्यानी ठेवावा. ॲक्रिलिक धाग्याचे रंग बहुधा धनभारित असतात, त्यांना ही रीत लागू पडते. सुती कापडाचे हल्लीचे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. त्यांना आम्ल पाण्यातील ॲल्युमिना साबणावाचूनच ओढते. उलट हा साबण मध्ये आणला तर तो रंगाची जागा अडवितो. तेव्हा सांडपाण्यात कोणता रंग आहे हे न पाहता औषध घालणारा माणूस नाडी न पाहता काढा देणाऱ्या वैद्यापेक्षा शहाणा नव्हे.

राहिला खर्चाचा व उरलेल्या खड्यांचा प्रश्न. रंगाने भरलेले खडे ओढ्यात टाकले तर आपण काहीच साधले नाही. खाराच्या तीव्र पाण्यात ॲल्युमिनाचा पृष्ठभाग स्वतःच ऋणभारित होतो, साबण सुटू लागतो व त्याबरोबर रंगही. खडे पुन्हा वापरता येतात, परंतु मूठभर पाण्यात सारा रंग गोळा झालेला असतो. तो आटवून, सुकवून, विषारी कचऱ्याच्या नियमाप्रमाणे हवाली करावा लागतो, आणि त्याचे पैसे पडतात. एकट्या लहान रंगखान्यास ते झेपणारे नाही. चौघांनी मिळून एक टाकी बांधावी, हेच आम्हांस शक्य दिसते. चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत, आणि भोजनाची पाने मांडली गेली आहेत. आपली रजा घेतो.