आधी माणूस जगला पाहिजे

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचा विषय दुपारनंतर आहे. त्याआधी थोडा वेळ आम्ही नशेविषयी बोलणार आहोत. मागे बसलेल्यांनी उठू नये. दारू सोडा असं सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. ते सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत.

गेल्या हंगामात आम्ही एका घरी भेटायला गेलो होतो. चार एकर कोरडवाहू, सोसायटीचं कर्ज थकलेलं, कपाशीत घातलेला पैसाही निघाला नव्हता. घरधन्याने फवारणीचं औषध घेतलं आणि गेला. नापिकी, थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा या कारणांनी आत्महत्या झाली तर वारसाला एक लाख रुपयांची सरकारी मदत मिळते. या घरात तिन्ही कारणं होती. पण चौकशीच्या कागदात एक ओळ आली, 'मयतास दारूचे व्यसन होते', आणि प्रकरण अपात्र ठरलं. ती ओळ सांगितली कुणी? गावातल्याच माणसांनी. खोटं सांगितलं असंही नाही. त्याची बायको आम्हाला म्हणाली, "पीत होते, मी कुठं नाही म्हणते? पण कर्ज तर खरं होतं ना?"

आम्ही खाली मान घालून परत आलो. माणूस पितो म्हटल्यावर त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा मदतीवरचा हक्क संपतो का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. हाच प्रश्न, दारूपेक्षा भयंकर नशेच्या बाबतीत, दूरच्या देशांतल्या धर्माच्या माणसांपुढे आला होता. त्यांनी काय केलं ते आज सांगायचं आहे.

ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात किंग्ज क्रॉस नावाचा भाग आहे. आपल्याकडे ज्याला गर्द म्हणतात त्याच जातीचं हेरॉइन तिथे लोक सुईने शिरेत घ्यायचे. या औषधाची मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो आणि थांबतो. शेजारी जाणता माणूस असला, प्राणवायू आणि उताऱ्याचं इंजेक्शन असलं, तर तो वाचतो. एकटा असला तर मरतो. आणि पोलिसांच्या भीतीने तो बोळात नाहीतर संडासात एकटाच असायचा. १९९९ साली त्या देशात या जातीच्या नशेने हजाराहून अधिक माणसं मेली. बहुतेक तरणीताठी.

त्या वस्तीत वेसाइड चॅपल नावाचं एक लहान चर्च आहे. तिथले पाद्री रे रिचमंड यांनी मे १९९९ मध्ये चर्चमध्येच एक खोली उघडली. नशा करणाऱ्याने इथे यावं, स्वच्छ सुई घ्यावी, आम्ही शेजारी बसू, मेला नाही म्हणजे झालं. कायद्याने तो गुन्हा होता. पण लपूनछपून काही केलं नाही, जगाला सांगून केलं. आपण त्याला सत्याग्रह म्हणतो. पोलीस यायचे ते आलेच. त्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळात नशेच्या प्रश्नावर खास परिषद भरली आणि असं केंद्र सरकारी परवानगीने चालवून बघावं, असं ठरलं.

चालवायचं कुणी? 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' हा कॅथलिक सिस्टरांचा संघ पुढे आला. याच संघाच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयातले डॉ. ॲलेक्स वोडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये कायदा मोडून स्वच्छ सुया वाटायला सुरुवात केली होती, कारण एकच सुई दहाजणांत फिरली की एड्सचा विषाणूही फिरतो. सुया वाटण्याचं काम पुढे देशभर झालं आणि नशा करणाऱ्यांमध्ये एड्सची लागण तिथे फारच थोडी राहिली. सिस्टरांना हे सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं, म्हणून त्यांनी होकार दिला.

पण १९९९ च्या ऑक्टोबरात रोमहून हुकूम आला की यातून बाहेर पडा. हुकूम देणाऱ्या खात्याचे प्रमुख होते कार्डिनल रात्झिंगर, जे २००५ मध्ये पोप झाले. वाईट कामाला धर्मसंस्थेचा हातभार लागू नये, असा त्यांचा मुद्दा. आम्ही त्या मुद्द्याला हसत नाही. आपल्याही गावात हाच मुद्दा निघेल आणि काढणारा माणूस भलाच असेल. सिस्टरांनी हुकूम मानला आणि त्या बाजूला झाल्या.

मग युनायटिंग चर्च या दुसऱ्या पंथाने काम अंगावर घेतलं. वेसाइड चॅपल याच पंथाचं. तिथल्या व्यापाऱ्यांची संघटना कोर्टात गेली, धंद्यावर परिणाम होईल म्हणून. ती हरली आणि मे २००१ मध्ये केंद्र उघडलं. आत नशा विकत नाहीत, देत नाहीत. येणारा आपली पुडी आपणच आणतो. अठरा वर्षांखालच्याला, गरोदर बाईला आणि पहिल्यांदाच सुई घेऊ बघणाऱ्याला आत प्रवेश नाही. नर्स स्वच्छ सुई देते, लक्ष ठेवते. नंतर बसायला जागा असते, कुणी जखम दाखवतो, कुणी म्हणतो सोडायचं आहे, त्याला उपचाराला पाठवतात. दहा लाखांहून अधिक वेळा तिथे माणसांनी सुई घेतली. दहा हजारांहून अधिक वेळा मात्रा जास्त झाली. आत एकही माणूस मेला नाही.

एक गोष्ट खरीच सांगितली पाहिजे. त्याच सुमारास बाजारात हेरॉइनचा तुटवडा पडला आणि देशभरातले मृत्यू त्यामुळेही घटले. सगळं श्रेय त्या केंद्राला देता येणार नाही. पण त्या खोलीत जे वाचले ते खोलीमुळे वाचले. सुरुवातीला परवानगी फक्त तात्पुरती होती, ती वाढत वाढत २०१० मध्ये कायमची झाली.

हे ख्रिस्ती देशाचं झालं. इराणमध्ये तर मौलवींचंच राज्य. तिथे नशेचा माल नेणाऱ्याला फाशी होते. त्याच इराणमध्ये तुरुंगात कैदी एकमेकांची सुई वापरू लागले आणि एड्स पसरला. तेव्हा २००५ च्या जानेवारीत न्यायखात्याचे प्रमुख आयातुल्ला शाहरूदी यांनी न्यायाधीशांना परिपत्रक काढून कळवलं, की सुया वाटणाऱ्यांना आणि नशेऐवजी मेथाडोन हे औषध देणाऱ्यांना अडवू नका. नशा हराम आहे हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

आपल्या देशातही सरकारचा एड्स नियंत्रण कार्यक्रम गर्दुल्ल्यांना स्वच्छ सुया देतो. हे फार कुणाला माहीत नसतं. असो.

आता घरचं बघू. गाडगेबाबांनी जन्मभर कीर्तनातून दारूवर झोड उठवली, हे विदर्भातल्या माणसाला आम्ही काय सांगावं? त्यांच्याच नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आहे. कॅन्सरचा पेशंट घेऊन आपल्यातले कितीतरीजण तिथे उतरले असतील. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट तिथे किती, आणि त्यांत तंबाखू न खाल्लेले किती? पण त्या दारात 'तू तंबाखू का खाल्लीस, परत जा' असं कुणी म्हणत नाही. व्यसनावर बोलायचं ते बाबा कीर्तनात बोलले. धर्मशाळा पेशंटसाठी आहे.

यवतमाळ जिल्ह्यात आणि आसपास २०१७ च्या हंगामात फवारणीची विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हाही म्हणणारे म्हणाले, त्यांनीच काळजी घेतली नाही. आपल्याला किती राग आला होता! आपण मागितलं काय? हातमोजे, तोंडाला बांधायला धड मास्क, दवाखान्यात औषध. फवारणी पापच आहे, भोगा म्हणावं, असं ऐकून घेतलं असतं का? मग पिणाऱ्याच्या बाबतीत आपली जीभ अशी का वळते?

इथे बसलेल्या मायबहिणी म्हणतील, मार आम्ही खायचा आणि दया त्याच्यावर करायची? नाही. दया म्हणजे बाईने मार खात राहणं नव्हे. हात उगारणाऱ्याविरुद्ध तक्रार झालीच पाहिजे. गावातलं दुकान बंद करायला बाया निघाल्या तर आम्ही त्यांच्या वाटेत उभे राहणार नाही. फक्त दुकान बंद झालं तरी पिणारा गावातच राहतो. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. तिथे दारू मिळत नाही असं वर्धेच्या माणसाने इथे उठून सांगावं. (हशा)

म्हणून तीन कामं सांगतो.

पहिलं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला माळ घालून किंवा शपथ देऊन एका दिवसात दारू तोडायला लावू नका. अंग तापलेलं असतं दारूवर. एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत हातपाय कापतात, फिट येते, माणूस भ्रमात बडबडतो, कधी दगावतोही. लोकांना वाटतं बाहेरचं काही लागलं. आधी सरकारी दवाखान्यात न्या, डॉक्टरला खरं सांगा, औषधाखाली तोडू द्या. माळ त्यानंतर घाला, आमची ना नाही. जे महाराज आपल्या गावी सप्ताहाला येतात त्यांच्याही कानावर हे घाला. त्यांचं लोक ऐकतात.

दुसरं. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. लोखंडी पेटीत, कुलपात, आणि किल्ली पिणाऱ्याच्या हाती नको. दारूच्या धुंदीत घेतलेला निर्णय सकाळपर्यंत टिकत नाही, पण डबा हाताशी असला तर सकाळ होत नाही.

तिसरं. आपल्या तालुक्यात व्यसनाचं कारण दाखवून अपात्र झालेली प्रकरणं किती, ते काढायचं आहे. चौकशीला कुणी आलं तर विचारलेल्याचं खरं उत्तर द्या, पण कर्जाची नोटीस आणि पिकाची स्थितीही तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगा. निर्णयाची प्रत, सातबारा, सोसायटीची किंवा बँकेची थकबाकीची नोटीस आणि पंचनाम्याची नक्कल, एवढे कागद तालुकाप्रमुखांनी पुढच्या बैठकीला घेऊन यावेत. सुरुवातीला सांगितलेल्या घराचे कागद आमच्या पिशवीत आहेत. ते आम्ही आत्ताच इथे टेबलावर ठेवतो.