पाठकोऱ्या कागदांचं देणं



कवीला हिशेब जमत नाही, असा एक समज आहे. माझ्या बाबतीत तो खरा आहे. तरीही आज मी तुमच्याशी एका आकड्याबद्दल बोलणार आहे. तो आकडा आहे 1,801.

प्रो कबड्डी लीगमध्ये प्रदीप नरवालनं चढाईत मिळवलेले हे गुण. हरियाणातल्या सोनीपत जिल्ह्यातला हा मुलगा 2015 मध्ये लीगमध्ये उतरला आणि दहा वर्षांत सगळ्यांच्या पुढे निघून गेला. ऑक्टोबर 2017 मध्ये आपल्या वरळीच्याच स्टेडियममध्ये त्यानं पाटण्याकडून खेळताना हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एका सामन्यात 34 गुण घेतले. त्यातल्या एकाच चढाईत सहा गडी बाद! खाली वाकून, पकड करणाऱ्यांच्या हाताखालून तो निसटायचा. त्या डुबकीनं त्याला नाव मिळवून दिलं.

हे सगळं मी तुम्हाला बसल्या जागी सांगू शकतो, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं आहे. 26 जुलै 2014 ला वरळीत यू मुंबा आणि जयपूर यांच्या सामन्यानं ही लीग सुरू झाली. तेव्हापासून कुणी किती चढाया केल्या, कुणी किती पकडी केल्या, याची नोंद राहते. पण कबड्डी काही 2014 मध्ये जन्मली नाही. त्याआधी जे खेळले, त्यांचे गुण कुठे आहेत?

माझं लहानपण घाटकोपरच्या डोंगराच्या पायथ्याशी, एका चाळीत गेलं. तेव्हा लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना कारखाने होते आणि कारखान्यांच्या पाठीशी चाळी. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड. तिकडे अंधेरी, जोगेश्वरी, कांदिवली, बोरिवली. प्रत्येक ठिकाणी एखादं क्रीडा मंडळ, मंडळाचं एक मैदान आणि मैदानात चाळून, पाणी मारून बसवलेली माती. पहिली पाळी संपवून आलेली पोरं डबा ठेवायची आणि चड्डी चढवून मैदानात उतरायची. चांगला खेळणाऱ्याला एक आशा असायची. बँका, कारखाने, सरकारी कंपन्या यांचे संघ होते. त्यात घेतलं, की कायमची नोकरी. कबड्डीचा गुण म्हणजे घरातली चूल, इतकं ते सरळ नातं होतं.

माझा थोरला भाऊ चढाईचा खेळाडू होता. घरी आम्ही त्याला भाईजान म्हणायचो. मैदानात सगळे त्याला बगळा म्हणायचे. पाय लांब. निदानरेषा ओलांडून तो क्षणभर थबकायचा, समोरच्या कोपरारक्षकाला वाटायचं आता परत फिरणार, तोच पायाचं बोट लागलेलं असायचं.

माझं अक्षर बरं, म्हणून दहावीत असतानाच मंडळानं मला गुणलेखक केलं. एक टेबल, एक शिट्टी जवळ असलेले पंच आणि मी. तक्त्यावर संघाचे गुण मांडायचे, लोण झाला की दोन वाढवायचे, एवढंच माझं काम. पण मी हौसेनं समासात लिहायचो, कुठला गुण कुणी आणला ते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून यायची एक ओळ: अमुक मंडळानं तमुक मंडळाला हरवलं. समासातला हिशेब फक्त माझ्याकडे. सामना संपला की ते कागद मी घरी न्यायचो.

ते कागद पाठकोरे होते. आमच्या घरात कोरा कागद मिळणं मुश्किलीचं, आणि मला तर नुकतीच कविता लागली होती. त्या वयात ती रात्री-बेरात्री येते. तीन वर्षांचे सामने एका बाजूला, तीन वर्षांच्या कविता दुसऱ्या बाजूला. पुढे मी कविता एका वहीत उतरवून काढल्या आणि तो गठ्ठा रद्दीत घातला.

वर्षभरानं एका कंपनीच्या संघासाठी भाईजानला बोलावणं आलं. खेळ पाहून झाल्यावर तिथल्या साहेबांनी विचारलं, "किती सामने खेळलास? गुण किती? काही लेखी आहे?" भाईजान धावत घरी आला. मला म्हणाला, "तुझे ते कागद काढ."

मी काही बोललो नाही. त्याला कळलं. थोडा वेळ उंबऱ्यावर बसून राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे. तुझ्या कवितेच्या कामी आले ना?"

त्या कागदांनी नोकरी मिळालीच असती, असं मी म्हणत नाही. ती मिळाली नाही, एवढं खरं. साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथ मशीनवर त्यानं आयुष्य काढलं. आणि त्या कविता? माझ्या एकाही संग्रहात त्यातली एक नाही. तेवढ्या चांगल्या त्या नव्हत्याच.

रग्बी लीग नावाचा एक खेळ आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडे, खाणी आणि गिरण्यांच्या गावांत तो वाढला. सामन्यापायी बुडालेला रोज कामगारांना भरून द्यावा की नाही, यावरून 1895 मध्ये मूळ रग्बीतून तो फुटून निघाला. म्हणजे आमच्या कबड्डीसारखाच श्रमणाऱ्यांचा खेळ. त्यात नील फॉक्स नावाचा खेळाडू होऊन गेला. खाणकामगारांच्या शार्लस्टन या खेड्यातला. 1956 ते 1979 एवढ्या काळात त्यानं 6,220 गुण केले. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या खेळाडूच्या आधी मला तिथल्या गुणलेखकांचं कौतुक वाटलं. तेवीस वर्षं कुणी ना कुणी शनिवार-रविवारी लिहीत राहिलं, आणि त्यांनी कागद रद्दीत घातले नाहीत.

2025 च्या मे महिन्याअखेर मुंबईत लीगचा लिलाव झाला. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या प्रदीपवर एकाही संघानं बोली लावली नाही. त्यानं निवृत्ती जाहीर केली. वय अठ्ठावीसच्या आसपास. मला फार वाईट वाटलं. भाईजान टीव्हीसमोर बसला होता. आता तो गुडघ्यांनी थकला आहे. म्हणाला, "खेळणाऱ्याला एक दिवस घरी बसवतातच. पण त्याचे गुण त्याच्यापाशी राहिले."

'त्याच्यापाशी' हा शब्द त्यानं सहज वापरला. मला मात्र तो रात्रभर पुरला.

श्रोतेहो, उपनगरांतल्या त्या मैदानांपैकी कित्येकांवर आज इमारती उभ्या आहेत. मंडळांची कार्यालयं मात्र कुठे कुठे आहेत. त्यांच्या कपाटात ढाली आहेत, ढालींमागे वह्या आहेत. चाळ पाडताना ढाल कुणीतरी उचलून नेतं, वही मात्र रद्दीत जाते. ती जाऊ देऊ नका. वही नसेल, तर त्या काळचा एखादा खेळाडू अजून तुमच्या शेजारी असेल. त्याच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून घ्या. थोडं चुकेल, पण काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

मी सुरुवात केली आहे. एक आकडा मला पक्का आठवतो. मुलुंडचं मैदान, आमचे तेवीस गुण, त्यातले चौदा भाईजानचे. त्या कागदामागं मी कुठली कविता लिहिली होती, ते आठवत नाही. चौदा मात्र आठवतात. नव्या वहीच्या पहिल्या पानावर, या वेळी समासात नव्हे तर मधोमध, मी ते लिहिले आहेत.