जांबूरचे सिद्दी आणि आपण

सौराष्ट्रात गीरच्या अरण्यालगत जांबूर नावाचे लहानसे गाव आहे. तेथील बहुसंख्य रहिवासी सिद्दी. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. कोणी गुलाम म्हणून विकले गेले, कोणी सैनिक वा खलाशी म्हणून आले. आपल्याकडे जंजिऱ्यावर १९४८ पर्यंत सिद्दी नबाबांचे राज्य होते. जांबूरच्या सिद्द्यांच्या वाट्याला मात्र मोलमजुरी आली. ते गुजराती बोलतात, बावा गोर यांना मानतात; तरीही “तुम्ही कोणत्या देशाचे?” हा प्रश्न त्यांना स्वदेशातच ऐकावा लागतो.

स्वतंत्र भारताच्या जनगणनेत वंशाचा रकाना नाही, हे योग्यच आहे. परंतु रकाना गेला म्हणून भेदभाव जात नाही. म्हणूनच सौराष्ट्रातील सिद्द्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा आवश्यक ठरला. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्द्यांना तो २००३ साली मिळाला. सिद्दी स्त्रियांना संघटित करणाऱ्या जांबूरच्या हिराबाई लोबी यांना २०२३ साली पद्मश्री देण्यात आली. हा सन्मान आनंदाचा आहे. पण सन्मानाने जमीन, शाळा व रोजगार यांचे प्रश्न सुटत नाहीत.

कार्यकर्त्यांनी गावात गेल्यावर कोणाच्या नावावर जमीन नाही, कोणाचे मूल शाळेबाहेर आहे, हे आधी विचारावे. कोण कोठून आला, ही चौकशी नंतर करता येईल.