तीन मीटरची तिरंदाजी

ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. अशा बातम्या ऐकून घरातली मुलं धनुष्य मागतात. प्रशिक्षकाकडे शिकणाऱ्या मुलाला घरी सराव करता येतो, पण जपून.

इनडोअर स्पर्धेचं अंतर 18 मीटर. फ्लॅटमध्ये जेमतेम तीन-चार मीटर मिळतील. तेवढे पुरतात. कारण इथे नेम नाही, ढब पक्की करायची असते: खांदा, कोपर, हनुवटीखाली टेकलेला हात, सुटणारी बोटं. म्हणून टार्गेटवर वर्तुळांचा कागदही नको.

टार्गेट दाट थरांच्या फोमचं घ्या. मागे बाण अडवणारी जाळी सैल सोडा. ताणून बांधलेल्या जाळीतून बाण आरपार जाऊ शकतो. नुसती भिंतही नको, काँक्रीटवर आपटलेला बाण उलटा येतो. टार्गेटच्या बाजूला दार किंवा खिडकी नसावी. गॅलरीत, गच्चीवर बाण लावायचाच नाही. घरातले सगळे तिरंदाजाच्या मागे.

प्रत्येक बाण हलकेच वाकवून तडा तपासा. तडकलेला कार्बनचा बाण सुटताना फुटला तर हातात घुसतो. बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडू नका. धनुष्य मोडू शकतं.

आणखी एक. बाण डोळ्याच्या पातळीखाली असतो, त्यामुळे इतक्या जवळून तो नेमाच्या बराच खाली लागतो. तेव्हा धनुष्यावरची नेम धरायची साइट हलवू नका, टार्गेटवर खालच्या बाजूला भरपूर जागा ठेवा.